सेल तापतो, लवकर उतरतो, उपकरण मध्येच बंद पडतं: व्हेपच्या सुट्या सेलची क्रमवार तपासणी

ही तपासणी सुटा, काढता-घालता येणारा लिथियम-आयन सेल वापरणाऱ्या व्हेप (ई-सिगारेट) उपकरणांसाठी आहे. म्हणजे बहुतेक वेळा १८६५० किंवा २१७०० मापाचे सेल. जोरदार टॉर्चमध्ये हेच सेल असतात, त्यामुळे त्यांनाही यातलं बरंचसं लागू पडतं. आत कायमची बसवलेली बॅटरी असलेल्या उपकरणांना मात्र हे लागू नाही. ती उपकरणं घरी उघडू नयेत.

लक्षणं

पुन्हा पुन्हा येणाऱ्या तक्रारी या आहेत:

- सेल पूर्ण चार्ज करून घातला तरी थोड्याच झुरक्यांत 'बॅटरी तपासा' किंवा 'बॅटरी कमकुवत' असा इशारा येतो. दहा मिनिटं थांबलं की उपकरण पुन्हा चालतं, पण लगेच तोच इशारा येतो.
- बटण दाबताच स्क्रीन विझते आणि उपकरण नव्याने सुरू होतं.
- सलग काही झुरके घेतल्यावर सेलचा कप्पा हाताला गरम लागतो.
- दोन सेलच्या उपकरणात एक सेल नेहमी आधी उतरतो, किंवा स्क्रीनवर सेलमध्ये तफावत असल्याचा संदेश येतो.
- चार्जर सेल ओळखत नाही, किंवा चार्ज होऊन ठेवलेला सेल दोन दिवसांत आपोआप उतरतो.
- नवा सेल घातला की महिनाभर सगळं ठीक चालतं आणि मग पहिल्यासारखंच.

काही लक्षणांवर मात्र तपासणी करत बसायचं नाही. सेल वापरात नसताना गरम होत असेल, त्यातून फुस्स आवाज येत असेल, गोडसर रासायनिक वास येत असेल, टोकाशी ओल दिसत असेल किंवा नळकांडं फुगलं असेल, तर मधलं सगळं सोडून थेट 'इथे थांबा' या भागाकडे जा.

हे पुन्हा पुन्हा का होतं

सेल बिघडला की माणूस त्याच मापाचा दुसरा सेल आणतो आणि निवडताना वेष्टणावरचा सगळ्यात मोठा आकडा बघतो. तो आकडा एमएएचचा (मिलिअँपिअर-तासांचा) असतो. तो सेलमध्ये एकूण किती साठा आहे हे सांगतो, एका वेळी किती प्रवाह काढता येईल हे सांगत नाही. व्हेप उपकरण थोड्या सेकंदांसाठी पण फार जोरात प्रवाह ओढतं. लॅपटॉपच्या पॅकमध्ये तीन-चार वर्षं उत्तम चालणारा सेल इथे काही आठवड्यांत बसतो, आणि बसण्याआधी तापतो. एकाच मापाच्या नळकांड्यात साठा वाढवायचा तर प्रवाह सोसण्याच्या क्षमतेत तडजोड करावी लागते, म्हणून जास्त एमएएचचा सेल आणला की बऱ्याचदा दुखणं वाढतंच. पुढच्या बहुतेक तपासण्या शेवटी याच एका प्रश्नाकडे येतात: उपकरण किती अँपिअर मागतंय आणि सेल किती अँपिअर सलग देऊ शकतो?

पहिली तपासणी: सेल बाहेर काढून नीट बघा

याला काहीच खर्च नाही, आणि सगळ्यात गंभीर धोका इथेच सापडतो.

सेलचं जवळजवळ सगळं नळकांडं हे मायनस टोक असतं. फक्त वरची छोटी टोपी प्लस. त्या टोपीभोवतीची दुमडलेली कडासुद्धा मायनसच असते, आणि दोघांमध्ये अंतर असतं जेमतेम काही मिलिमीटरचं. ते अंतर राखतात दोन गोष्टी: बाहेरचं पातळ प्लास्टिक वेष्टण आणि त्याखाली वरच्या टोकाला बसवलेली इन्सुलेशनची चकती. वेष्टणाला वरच्या कडेशी चीर गेली की उपकरणाची धातूची बाजू किंवा प्लस बाजूची पट्टी या कडेला टेकते आणि सेल थेट शॉर्ट होतो. मधल्या भागातली चीरही चालत नाही, कारण उपकरणातली सेल बसण्याची नळी धातूची असेल तर तिथूनही मार्ग मिळतो.

उजेडात सेल हळूहळू फिरवून बघा. नखानं कड उचलली जाते का? खालच्या टोकाला वेष्टण गुंडाळलं गेलंय का? चकती जागेवर आहे का, फाटली आहे का? सेल घालताना-काढताना घासणारी एखादी धारदार कड कप्प्यात असेल, तर वेष्टण प्रत्येक वेळी तिथेच फाटणार. तसं असेल तर ती कड शोधायला हवी. ओढपट्टी असलेल्या कप्प्यात पट्टी वापरूनच सेल काढा, स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं उचलू नका.

फक्त वेष्टण फाटलं असेल आणि सेल बाकी निरोगी असेल, तर वेष्टण बदलता येतं. १८६५० साठी आधीच कापलेल्या आकुंचन पावणाऱ्या नळ्या मिळतात. जुनं वेष्टण प्लास्टिकच्या पट्टीनं किंवा नखानं काढा, ब्लेड वापरू नका. चकती खराब असेल तर नवी बसवा, आणि ती वेष्टणाच्या आधी बसवायची. नवी नळी दोन्ही टोकांना सारखी बाहेर राहील अशी चढवा आणि हेअर ड्रायरची हवा सेल सतत फिरवत द्या. पाच-सात सेकंदांत नळी घट्ट बसते. मेणबत्ती किंवा लायटर कधीही वापरायचा नाही. नव्या वेष्टणावर सेलचं मॉडेल आणि खरेदीचा महिना लिहून ठेवा, नाहीतर थोड्या दिवसांनी हातात निनावी सेल राहतो.

चिकटपट्टी लावून काम भागवू नका. गरम झाली की तिचा गोंद सरकतो, आणि जाडी वाढल्यामुळे सेल कप्प्यात अडकतो.

नळकांड्याला पोचा असेल तर मात्र वेष्टण बदलून उपयोग नाही. आतल्या प्लस आणि मायनस थरांमध्ये पातळ पडदा असतो. बाहेरून पोचा पडला म्हणजे आत तो पडदा दाबला गेला आहे. सेल आज चालेल, पण आतून शॉर्ट कधी होईल ते बाहेरून कळत नाही. असा सेल बाद करा.

दुसरी तपासणी: टोकं आणि स्प्रिंग पुसा

अनेक 'कमकुवत बॅटरी' तक्रारी इथेच मिटतात. टँकमधून (वाफेचं द्रव भरायच्या टाकीतून) गळलेलं द्रव खाली कप्प्यात उतरतं, स्पर्शबिंदूंवर चिकट थर बसतो, त्यावर काळपट डाग पडतात. हा थर दिसायला किरकोळ असतो, पण हिशेब करून बघा. स्पर्शबिंदूचा रोध ५० मिलिओहम आणि प्रवाह १५ अँपिअर असेल, तर तिथेच पाऊण व्होल्ट गळतो आणि सुमारे ११ वॅट उष्णता तयार होते, तीही सेलच्या टोकाला टेकून. सेल ३.९ व्होल्टचा असला तरी उपकरणाला ३.१५ दिसतो आणि ते इशारा देतं.

सेल काढा. उपकरणाच्या दोन्ही टोकांचे स्पर्शबिंदू आणि सेलची टोकं आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाच्या काडीनं पुसा. दोन-तीन काड्या काळ्या निघतील. पूर्ण वाळल्यावरच सेल घाला. डाग जात नसेल तर साध्या खोडरबरानं घासा. सँडपेपर नको, कारण वरचा मुलामा गेला की गंज आणखी लवकर चढतो.

स्प्रिंग बोटानं दाबून बघा. ती उसळून वर यायला हवी. जास्त तापल्यामुळे मऊ पडून दबलेली राहिली असेल, तर तिचा रंग निळसर-तपकिरी दिसतो. दबलेली स्प्रिंग पक्कडीनं ताणून पुन्हा वापरू नका. पोलादाचा ताण एकदा गेला की तो परत येत नाही, आणि ताणलेली स्प्रिंग तिरकी बसून वेष्टण फाडते.

तिसरी तपासणी: सेलवर नेमकं काय छापलंय

इथे वेळ द्या. निम्मा प्रश्न या तपासणीत सुटतो.

आधी माप. १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी, शेवटचा शून्य गोल आकार दाखवतो. २१७०० म्हणजे २१ आणि ७०. आतून संरक्षक सर्किट लावलेले सेल यापेक्षा तीन-पाच मिलिमीटर जास्त लांब असतात. ते कप्प्यात जबरदस्तीनं बसवले तर टोक दबतं. शिवाय त्यांचं सर्किट जास्त प्रवाहाला स्वतःच तोडतं, म्हणून बटण दाबताच उपकरण विझतं. व्हेपसाठी सहसा सपाट टोकाचा, सर्किट नसलेला, जास्त प्रवाहाचा सेल लागतो आणि संरक्षणाचं काम उपकरणाचं सर्किट करतं. मेकॅनिकल मॉडमध्ये, म्हणजे सर्किटच नसलेल्या व्हेप उपकरणात, हे काम कोणीच करत नाही. त्याबद्दल पुढे सांगितलंय.

मग रसायन. आयएनआर आणि आयएमआर ही अक्षरं निकेल-मँगेनीज घराण्यातल्या, जास्त प्रवाहाला तुलनेनं बऱ्या सेलची. आयसीआर म्हणजे कोबाल्ट, आणि ते व्हेपमध्ये वापरू नयेत, कारण बिघडल्यावर ते जास्त जोरानं पेटतात. आयएफआर म्हणजे लोह-फॉस्फेट. त्यांचा व्होल्टेज ३.२ आणि पूर्ण चार्ज ३.६५, म्हणून ते ४.२ च्या साध्या चार्जरवर लावणं धोक्याचं.

आता अँपिअर. वेष्टणावर बऱ्याचदा दोन आकडे असतात, किंवा फक्त मोठा छापलेला असतो. तो मोठा आकडा क्षणिक असतो. क्षणिक म्हणजे किती सेकंद, मध्ये किती विश्रांती, याचा काही एक नियम नाही, म्हणून त्या आकड्यावर निवड करता येत नाही. उत्पादकाच्या तपशीलपत्रकातला सलग प्रवाहाचा आकडा घ्या. व्हेपमध्ये प्रवाह काही सेकंदांचाच असतो, मग सलग आकडा का? कारण बटण खिशात दाबलं गेलं किंवा आत चिकटलं तर तो प्रवाह थांबत नाही. निवड त्या क्षणासाठी करायची असते.

उदाहरणं घेऊ. सॅमसंगचा २५आर हा २५०० एमएएचचा आणि २० अँपिअर सलग. एलजीचा एचजी२ हा ३००० एमएएच, २० अँपिअर. सॅमसंगचा ३०क्यू हा ३००० एमएएच, १५ अँपिअर. आणि पॅनासोनिकचा एनसीआर१८६५०बी ३४०० एमएएचचा म्हणून विकला जातो, तरी त्याची मर्यादा सात अँपिअरच्याही आत आहे. साठा सर्वांत मोठा, आणि व्हेपसाठी हाच सर्वांत अयोग्य. काही पत्रकांत दोन सलग आकडे असतात. सोनीच्या व्हीटीसी६ ला तापमानाचा विचार न करता १५ अँपिअर आणि ८० अंशांना तोडण्याची अट घालून ३० अँपिअर. व्हेप उपकरण सेलचं तापमान मोजत नाही, म्हणून इथे १५ हाच आकडा धरा. (सोनीचा बॅटरी व्यवसाय २०१७ मध्ये मुराताकडे गेला. एकाच मॉडेलवर दोन नावं दिसतात ती त्यामुळे.)

नकली सेल ओळखायला स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो. खरा १८६५० साधारण ४४ ते ५० ग्रॅम भरतो. तीस-पस्तीस ग्रॅमचा सेल आला तर आत माल कमी आहे, बाहेर काहीही छापलेलं असो. ५०००, ६८००, ९९०० एमएएच असे आकडे १८६५० च्या आकारात बसतच नाहीत. जास्त प्रवाहाचे चांगले १८६५० सेल आजही २५०० ते ३००० च्या पट्ट्यात आहेत. 'अल्ट्रा', 'पॉवर', 'मॅक्स' असे शब्द आणि झगमगीत वेष्टण, पण उत्पादकाचं मॉडेल कुठेच नाही, असा सेल बहुधा दुसऱ्या कोणाचा तरी वेष्टण बदललेला माल असतो. त्यात आत काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक असेल असं नाही. जुन्या लॅपटॉपच्या पॅकमधून सोडवलेले सेल तर व्हेपमध्ये अजिबात घालू नका.

एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगानं जानेवारी २०२१ मध्ये सुटे १८६५० सेल ग्राहकांनी विकत घेऊ नयेत, वापरू नयेत असा इशारा दिला होता. हे सेल मुळात संरक्षक सर्किट असलेल्या पॅकसाठी बनतात, आणि मोठे उत्पादकही सुट्या वापराला मान्यता देत नाहीत. सुटा सेल वापरायचाच असेल तर ही जोखीम माहीत असून वापरायचा. पुढचे आकडे ती जोखीम कमी करतात, संपवत नाहीत.

चौथी तपासणी: कागद-पेनाचा हिशेब

वॅट सेट करता येणाऱ्या उपकरणात कॉइलचा (द्रव तापवणाऱ्या तारेच्या वेटोळ्याचा) रोध सेलच्या प्रवाहात धरायचा नाही. सर्किट सेलकडून ठरलेली शक्ती घेतं, म्हणून सेलवरचा प्रवाह वॅट आणि सेलच्या व्होल्टेजवर अवलंबून असतो. व्होल्टेज जितका खाली, प्रवाह तितका जास्त. म्हणूनच हिशेब पूर्ण चार्ज सेलवर न करता संपत आलेल्या सेलवर करायचा. बऱ्याच उपकरणांचा तोडण्याचा व्होल्टेज प्रतिसेल ३.२ च्या आसपास असतो. तुमच्या उपकरणाचा कमी असेल तर तो घ्या. सर्किटची कार्यक्षमता ९० टक्के धरा.

प्रवाह = वॅट ÷ (सेलची संख्या × ३.२ × ०.९)

एका सेलवर ४० वॅट म्हणजे सुमारे १४ अँपिअर. ६० वॅट म्हणजे सुमारे २१. ८० वॅट म्हणजे जवळजवळ २८, आणि इथे वर सांगितलेल्या पाचपैकी एकही सेल पुरत नाही. दोन सेलच्या उपकरणात १०० वॅटला प्रत्येक सेलवर साडेसतरा, १५० वॅटला २६, आणि २०० वॅटला जवळजवळ ३५ अँपिअर. दोन सेल मालिकेत जोडलेले असोत की समांतर, प्रत्येक सेलवरचा भार एवढाच येतो, कारण शक्ती दोघांत सारखीच वाटली जाते. उपकरणावर २०० वॅट लिहिलंय म्हणून दोन १८६५० वर ते २०० वॅट सुरक्षित होत नाहीत.

आता नवा सेल घातल्यावर महिनाभर सगळं ठीक का चालतं तेही कळेल. नव्या सेलचा अंतर्गत रोध कमी असतो, व्होल्टेज फारसा पडत नाही. मर्यादेबाहेर वापरत राहिलं की रोध वाढतो, व्होल्टेज जास्त पडतो, उपकरण भरपाईसाठी आणखी प्रवाह ओढतं, सेल आणखी तापतो. उपाय साधा आहे: हिशेबातला प्रवाह सेलच्या सलग मर्यादेच्या ७५-८० टक्क्यांत येईपर्यंत वॅट कमी करा. २० अँपिअरच्या एका सेलवर ४० ते ४५ वॅट. कोणताही भाग न बदलता इथेच तक्रार थांबली, तर दोष सेलचा नव्हता.

मेकॅनिकल मॉडमध्ये हिशेब वेगळा. मधे सर्किट नाही, म्हणून प्रवाह = व्होल्टेज ÷ कॉइलचा रोध, आणि इथे पूर्ण चार्ज म्हणजे ४.२ धरायचा. ०.५ ओहमला ८.४ अँपिअर, ०.२ ला २१, ०.१५ ला २८. दोन सेल मालिकेत असतील तर ८.४ व्होल्ट, म्हणजे ०.३ ओहमला सुद्धा २८. कॉइलचा पाय घसरून शॉर्ट झाला तर थांबवणारं काही नाही. हा हिशेब तोंडपाठ नसेल तर मेकॅनिकल मॉड वापरू नका, हे माझं ठाम मत आहे.

पाचवी तपासणी: मल्टिमीटर

साधा डिजिटल मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. सेल उपकरणाबाहेर, लाल काडी प्लसवर, काळी खालच्या टोकावर. मीटरची लाल वायर अँपिअरच्या भोकात राहिलेली नाही हे दोनदा बघा. तशी राहिली तर मीटर सेलला थेट शॉर्ट करतो.

चार्जरवरून काढल्याबरोबर ४.१७ ते ४.२० दिसायला हवेत. ४.२५ किंवा वर गेला तर दोष चार्जरचा आहे आणि तो चार्जर लगेच बंद करा. जास्त व्होल्टेजला धातूचा लिथियम साठू लागतो आणि सेल आतून असुरक्षित होतो. कायम ४.१ च्या खालीच थांबत असेल तर चार्जर किंवा त्याचे स्पर्शबिंदू तपासा.

मग सेल प्लास्टिकच्या डबीत दोन दिवस ठेवा आणि पुन्हा मोजा. काही शतांश व्होल्ट उतरणं स्वाभाविक आहे. ४.० च्या खाली गेला तर आत हळू शॉर्ट आहे. तो सेल बाद.

उतरलेल्या सेलचं मोजमापही बघा. २.५ च्या खाली गेलेला सेल वापरात परत आणू नये, आणि २ च्या खाली बरेच दिवस पडलेला तर नक्कीच नाही. एवढ्या खाली आतलं तांबं विरघळतं आणि पुन्हा चार्ज करताना सुईसारखं साठतं. 'मेलेला' सेल दुसऱ्या सेलला जोडून जागा करण्याची युक्ती फिरत असते, ती करू नका. चार्जर सेल ओळखत नाही याचा अर्थ बहुतेक वेळा चार्जर आपलं काम बरोबर करतोय.

झुरका घेताना स्क्रीनवर सेलचा व्होल्टेज दिसत असेल तर रोधही काढता येतो. विश्रांतीत ३.९, १५ अँपिअरला ३.२. फरक ०.७ भागिले १५, म्हणजे साधारण ४७ मिलिओहम, त्यात स्पर्शबिंदूंचा रोधही आला. पुसल्यावरही हा आकडा तसाच राहिला तर सेल थकला आहे.

सहावी तपासणी: चार्जर आणि जोडी

रोध दाखवणारे चार्जर मिळतात, पण त्यांचे आकडे सेल किती घट्ट बसला यावरून बदलतात. एकाच सेलचा आकडा तीनदा काढा, सर्वांत कमी धरा. सेल नवा असतानाचा आकडा लिहून ठेवलेला असेल तरच तुलनेला अर्थ. रोध दुप्पट झाला, किंवा मोजलेला साठा मूळच्या ८० टक्क्यांखाली आला, की तो सेल व्हेपसाठी संपला. रोजच्या वापरात हे साधारण वर्षभरात होतं, दोन वर्षांपलीकडे ओढू नये.

चार्जिंगचा प्रवाह १ अँपिअर पुरे. उपकरणाच्या यूएसबी जोडणीपेक्षा वेगळा चार्जर बरा, कारण त्यात प्रत्येक सेल स्वतंत्र मोजला जातो आणि कप्पा तापत नाही. शून्य अंशाखाली चार्ज करू नका. थंडीत बाहेरून आलेला सेल आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. उशाशी, अंथरुणावर किंवा घरात कोणी नसताना चार्जिंग नको.

दोन सेलच्या उपकरणात दोन्ही सेल एकाच मॉडेलचे, एकाच वेळी घेतलेले, कायम एकत्र वापरलेले आणि एकत्र चार्ज केलेले हवेत. मालिकेत दोघांतून एकच प्रवाह जातो. कमकुवत सेल आधी रिकामा होतो आणि बलवान सेल त्याच्यातून प्रवाह ढकलत राहतो. तो मर्यादेखाली जातो, टोकाच्या प्रसंगी त्याचे ध्रुव उलटतात. म्हणून जोडीवर 'क१-क२' अशी खूण करा, आणि चार्जच्या आधी दोघांचा व्होल्टेज मोजा. ०.१ पेक्षा जास्त फरक वारंवार दिसला तर जागा अदलाबदल करा. फरक सेलबरोबर सरकला तर सेलचा दोष, जागेवरच राहिला तर कप्प्याचा किंवा सर्किटचा. एक बाद झाला की जोडीच बाद. उरलेला दुसऱ्या जोडीत घालायचा नाही.

सातवी तपासणी: उपकरण

इथपर्यंत सगळं निर्दोष निघालं, तर खात्रीचा दुसरा सेल घालून बघा. तरीही तोच त्रास असेल तर दोष उपकरणात आहे. सेल काढून ठेवून बाहेरून दिसेल तेवढं बघा: टँकच्या जोडणीचा मधला पिन आत दबलाय का, त्याभोवतीचं इन्सुलेशन वितळलंय का, बटण दाबल्यावर मोकळं उसळतं का. कॉइलचा रोध उडत असेल, कधी ०.२ कधी ०.१४, तर कॉइलचे पाय सैल आहेत किंवा भिंतीला टेकतायत.

मेकॅनिकल मॉडमध्ये टँकचा मधला पिन थेट सेलच्या प्लसवर बसत असेल, तर तो पिन भोवतीच्या धातूच्या आट्यांपेक्षा स्पष्ट पुढे आलेला हवा. नसेल तर आटे सेलच्या कडेला टेकतात आणि पहिल्या झुरक्याआधीच शॉर्ट होतो.

कप्प्याची हवेची छिद्रं स्टिकरनं किंवा कव्हरनं झाकू नका. सेल बिघडला तर आतला वायू तिथून बाहेर पडायला हवा, नाहीतर दाब साठून उपकरणच फुटतं.

इथे थांबा

सर्किट बोर्ड, सोल्डरिंग, वितळलेला कप्पा, चिकटलेलं बटण, आपोआप सुरू होणारं उपकरण: यातलं काही असेल तर सेल काढा आणि उपकरण उत्पादकाच्या सेवा केंद्राला किंवा लिथियम बॅटरीचं काम करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्ती तंत्रज्ञाला द्या. आपोआप सुरू होणारं उपकरण 'जरा वेळ' सुद्धा वापरात ठेवू नका. सेलच्या नळकांड्याला सोल्डर लावणं घरी कोणीही करू नये, ती उष्णता थेट आतल्या पडद्यापर्यंत जाते.

सेल न वापरता तापत असेल, फुस्स आवाज करत असेल, वास येत असेल, टोकाशी ओल दिसत असेल किंवा नळकांडं फुगलं असेल तर उपकरण हातातून, खिशातून लगेच दूर करा. शक्य असेल तर उघड्या जागी, फरशीवर किंवा मातीत, जळणाऱ्या वस्तूंपासून लांब. सेल काढायचा प्रयत्न करू नका. धूर निघाला तर खोलीतून सगळ्यांना बाहेर काढा, धूर श्वासात घेऊ नका, अग्निशमन दलाला बोलवा. लांबून शक्य असेल तर भरपूर पाणी ओता. पाणी सेल थंड करतं, आणि थंड करणं महत्त्वाचं, कारण विझलेला सेल पुन्हा पेटू शकतो. द्रव त्वचेला किंवा डोळ्यांना लागलं तर भरपूर वाहत्या पाण्यानं धुवा आणि भाजलं असो-नसो, डॉक्टरांना दाखवा आणि लिथियम बॅटरी होती हे आठवणीनं सांगा.

बाद केलेल्या सेलची दोन्ही टोकं चिकटपट्टीनं झाका आणि प्रत्येक सेल वेगळा ठेवून बॅटरी संकलन केंद्रात द्या, घरच्या कचऱ्यात नाही. चांगले सेलही खिशात किल्ल्या-नाण्यांबरोबर कधी ठेवायचे नाहीत. दोन सेलची प्लास्टिक डबी सोबत असली की पुरतं. बरेच दिवस वापर नसेल तर ३.६ ते ३.७ व्होल्टला, थंड कोरड्या जागी, मुलांच्या हाताबाहेर ठेवा.